दिव्यांग व्हायचं तर आधी तब्येत कमवा

भाऊ, खेड्यात राहून दिव्यांग म्हणून जगायचं असेल तर आधी तब्येत ठणठणीत करा. दूध प्या, तालीम करा. कारण चालता येत नाही हे सिद्ध करायला भरपूर चालावं लागतं.

सुरुवात पहाटेच्या एसटीनं करा. तिकिटात 75 टक्के सवलत आहे. बसची पहिली पायरी मांडीएवढी उंच, तिच्यात मात्र सवलत नाही. जिल्ह्याच्या दवाखान्यात अपंगत्व किमान 40 टक्के भरलं पाहिजे. 38 भरलं तर नाराज होऊ नका, थोडी मेहनत घेऊन पुन्हा या. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे 21 प्रकार आहेत, निवडीला वाव आहे.

दिव्यांगाचं कार्ड हातात आलं की ग्रामपंचायत. तिनं स्वतःच्या उत्पन्नातले 5 टक्के दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. घरपट्टी कोणीच भरत नाही (मीही त्यातलाच), त्यामुळे हे 5 टक्के मोजायला फार वेळ लागत नाही. आमच्याकडे त्यातून पंचायतीच्या ओट्याला उतार बांधला. एक फूट चढायला बारा फूट लांबी, असं माप आहे. ओटा तीन फुटांचा, म्हणजे उतार छत्तीस फूट. तेवढा बांधला असता तर पलीकडच्या पानठेल्यात शिरला असता. सचिवांनी सहा फुटांत भागवलं. आता त्यावर पोरं घसरगुंडी खेळतात आणि दुपारी एक बकरी चढून बसते. तिला चार पाय आहेत, तिचं जमतं.

तीनचाकी सायकलही मिळते, शिबिरात, फोटोसकट. ती मे महिन्यापर्यंत फिरवून घ्या. एकदा का पाऊस पडला की पांदण रस्त्याची काळी माती चाकांना अशी धरते की सायकल कुठं संपते अन् वावर कुठं सुरू होतं ते कळत नाही. मग चार महिने तिच्यावर कोंबड्या बसवा. आमच्या कोंबड्यांना सीट पसंत आहे.

राहिलं निराधारचं अनुदान. महिन्याचे 2500 रुपये, पण त्यासाठी दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. कचेरीतलं ते टेबल दुसऱ्या मजल्यावर आहे. मागच्या साली मी कुबड्या भिंतीला टेकवून जिन्याखालूनच हाक मारली, "साहेब, मी जिता आहो!"

वरून आवाज आला, "मंग वर या ना बाप्पा."