‘९४ हजार किलोमीटरची गाडी गळ्यात मारत होते’ : या अभिप्रायाला आमचं उत्तर

नमस्कार साहेब,

आपण आमच्या दुकानाला एक तारा दिलात. वाचणाऱ्यांना संदर्भ लागावा म्हणून आपल्या तक्रारी थोडक्यात सांगतो. २०२० ची, ९४ हजार किलोमीटर झालेली मर्सिडीज ई-क्लास डिझेल आम्ही ‘विश्वसनीय’ म्हणून तुमच्या गळ्यात मारत होतो. तेच मॉडेल बाहेर ४१ हजार किलोमीटरचं, दिल्ली पासिंग, अडीच लाखांनी स्वस्त मिळतंय. शेजारी उभ्या असलेल्या बीएमडब्ल्यू ५-सिरीजच्या गिअरबॉक्समध्ये आयुष्यभराचं तेल असतं, तरी ते बदलल्याचं बिल दाखवून आम्ही किंमत फुगवतो. बाहेरचा मेकॅनिक आणा म्हणतो, म्हणजे आमचाच आमच्या मालावर भरवसा नाही. वॉरंटीचं विचारलं तर गोलमोल बोलतो. आणि मर्सिडीज घ्यायला आलेल्या माणसाला टोयोटाची कॅमरी घ्या म्हणून सांगतो. शेवटी ‘उद्धट’ असंही लिहिलंय. पुण्यात दुकान आहे, तो आळ यायचाच.

किलोमीटरचं आधी बोलू. आमची ई-क्लास एका कंपनीच्या नावावर होती आणि तिची बहुतेक धाव मुंबई-पुणे-नाशिक अशी हायवेवर झाली आहे. हायवेला इंजिन एकदा तापलं की एका चालीत राहतं, गिअर कमी पडतात, ब्रेक कमी लागतात. तिची पहिल्या दिवसापासूनची सगळी सर्व्हिस अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये झाली आहे आणि एकेक जॉबकार्ड फाइलला लावलेलं आहे. मागचं डावं दार एकदा रंगवलंय, तेही त्यात आहे. तुम्ही विचारायच्या आधी आम्ही रंगाच्या थराची जाडी मोजणारा पेंट मीटर लावून ते दाखवलं होतं. कंपनीचा मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. त्या दारावर आकडा दुपटीच्या आसपास येतो. पाचशे-हजारच्या पुढे गेला असता तर खाली पुट्टी आहे, म्हणजे ठोकाठोक मोठी झाली आहे, असं मीच सांगितलं असतं.

बाहेरची ४१ हजारवाली गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा तिच्याबद्दल बरंवाईट काही बोलणार नाही. चांगली असेलही. पण मीटर मागे करणं हे आपल्या धंद्यातलं सगळ्यात जुनं पाप आहे आणि डिजिटल मीटर आल्यावरही ते थांबलेलं नाही. म्हणून डॅशबोर्डवरचा आकडा सोडा, बाकीचे साक्षीदार तपासा. चासी नंबर घेऊन अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये जा आणि शेवटच्या सर्व्हिसला किती किलोमीटर नोंदलेत ते बघा. चांगला स्कॅनर असलेला मेकॅनिक गाडीतल्या इतर कंट्रोल युनिटमध्ये, म्हणजे छोट्या संगणकांमध्ये, साठलेलं रनिंगही काढून दाखवतो. ड्रायव्हर सीटची बाहेरची कड, स्टिअरिंगचं चामडं, ब्रेक पेडलचं रबर हे तिन्ही ४१ हजाराला गुळगुळीत व्हायचं काम नाही. टायरच्या बाजूवर ‘DOT’ पासून सुरू होणारा डॉट कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे टायर कधी बनला ते सांगतात, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. २०२० च्या गाडीला मूळचे टायर २०२० किंवा आधल्या वर्षाचेच असणार. ४१ हजारात दुसरा सेट लागला असेल तर मान्य. तिसरा असेल तर विचारा कसा काय.

आणि खरंच कमी पळालेली असली तरी ती चांगलीच असते असं नाही. बंद घरात नळाचे वॉशर वाळतात, तसंच गाडीचं होतं: सील कडक होतात, बॅटरी मरते, टायर जागच्या जागी बसतात. वर्षाला चार-पाच हजार किलोमीटर, तेही शाळा-बाजार एवढ्यापुरतेच, असं चाललेलं डिझेल इंजिन मला ९४ हजार हायवेवाल्यापेक्षा जास्त घाबरवतं.

दिल्ली पासिंगचं गणितही समजून घ्या. राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दिल्ली परिसरात दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांना मनाई केली आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये ती कायम ठेवली. पुढे तो नियम कधी सैल, कधी घट्ट होत राहिला, पण तिकडच्या डिझेलचा भाव पडला तो पडलाच. म्हणून त्या गाड्या ट्रेलरवर चढून इकडे येतात. यात बेकायदा काही नाही. फक्त तिथल्या आरटीओची एनओसी (ना हरकत दाखला) म्हणजे फॉर्म २८, कर्ज असेल तर ते उतरवल्याचा फॉर्म ३५, मालकी बदलाचे २९ आणि ३०, आणि वर महाराष्ट्राचा रोड टॅक्स, एवढं सगळं बेरजेत धरा. हा टॅक्स गाडीच्या मूळ किमतीवर आणि वयावर निघतो, आणि डिझेलला पेट्रोलपेक्षा दर जास्त आहे. ‘एमएच करून देऊ’ असं तोंडी सांगणाऱ्याकडून हा खर्च कोणाचा, ते कागदावर घ्या. मग अडीच लाखांतले किती उरतात ते बघा.

आता कॅमरी. तुम्ही इथेच लिहिलंय की ऑफिस घरापासून सहा किलोमीटरवर आहे आणि गाडी मुख्यतः त्यासाठीच हवी आहे. हे ऐकल्यावरच मी तो विषय काढला होता. आमची ई-क्लास बीएस-६ (धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम) डिझेल आहे, तिच्या एक्झॉस्टमध्ये डीपीएफ म्हणजे काजळी अडवणारी जाळी आहे. ती भरली की गाडी स्वतःच काजळी जाळते, पण त्यासाठी एक्झॉस्ट साधारण सहाशे अंशांपर्यंत तापावा लागतो आणि काही वेळ सलग चालावं लागतं. सहा किलोमीटर, त्यात विद्यापीठ चौकातली कोंडी, यात इंजिन धड गरमही होत नाही. जाळणी अर्धवट राहते, दिवा लागतो, आणि जाळण्यासाठी जास्तीचं सोडलेलं डिझेल हळूहळू इंजिन ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकवर किंवा स्क्रीनवर ऑइलची पातळी वाढलेली दिसली की लोक खूश होतात. ते पातळ झालेलं तेल असतं, बेअरिंग आणि टर्बोचा शत्रू. आधीच्या मालकाकडे हायवेवर जी गाडी ठणठणीत राहिली, तीच तुमच्याकडे वर्षभरात वर्कशॉपला लागली असती आणि तेव्हा मला शून्य तारे मिळाले असते, सोय असती तर.

कॅमरी हायब्रिडमध्ये हा प्रकारच नाही. पेट्रोल इंजिन, गर्दीत बराच वेळ मोटरवर चालणं, आणि नेहमीच्या ऑटोमॅटिकसारखे झिजणारे क्लच पॅक नसलेला साधा प्लॅनेटरी गिअर (एका चाकाभोवती फिरणारी दातेरी चाकं). ऑगस्ट २०२१ पासून विकलेल्या गाडीच्या हायब्रिड बॅटरीला कंपनीची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी आहे. बघताना बॅटरीला थंड हवा घेणारी जाळी धुळीने बुजलेली नाही ना, तेवढं पाहायचं. उणंही सांगतो: दार लावताना जर्मन गाडीचा तो भरीव आवाज येत नाही, आणि लांब व्हीलबेसच्या (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेल्या) ई-क्लासची ऐसपैस मागची सीट तिला नाही. ही ई-क्लास आपल्या चाकणला जुळते, त्यामुळे पुण्यात तिचं कौतुक जरा जास्तच आहे, मलाही आहे. तरी तुमच्या वापराला मी ती देणार नाही. मर्सिडीजच हवी असेल तर पेट्रोल बघू.

बीएमडब्ल्यूच्या तेलाबद्दल. कंपनी ‘लाइफटाइम’ म्हणते हे खरं. पण तो आठ स्पीडचा गिअरबॉक्स बनवते झेडएफ ही जर्मन कंपनी, आणि झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटरच्या दरम्यान, किंवा आठ वर्षांत, तेल बदलायला सांगते. त्यात फिल्टर आणि प्लास्टिकचा ऑइल पॅन एकत्रच येतो, तो पूर्ण बदलावा लागतो, म्हणून बिल जाड दिसतं. आधीच्या मालकाने हे केलं असेल तर मी त्याचे पैसे लावणारच. याच बीएमडब्ल्यूच्या जुन्या दोन लिटर डिझेलमध्ये, एन४७ मध्ये, टायमिंग चेन (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडणारी साखळी) इंजिनच्या मागे गिअरबॉक्सच्या अंगाला असायची. ती खडखडू लागली की दुरुस्तीसाठी सगळं उतरवायला लागायचं. बॅज तोच, पण कोणत्या वर्षाचं कोणतं इंजिन, यावर विश्वासाचं मोजमाप बदलतं. कुठली कंपनी विश्वसनीय, या प्रश्नाला म्हणूनच मी एका शब्दात उत्तर देत नाही. तुम्हाला ते टाळणं वाटलं असावं.

बाहेरचा मेकॅनिक आणा हे मी प्रत्येकाला सांगतो. माझा रिपोर्ट मीच लिहिलेला आहे, त्याला विकत घेणाऱ्याने काय म्हणून मान द्यावा? सकाळी या, इंजिन थंड असताना स्वतः चालू करा, चेनचा आवाज ऐका. लिफ्टवर चढवा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून मुळाशी गाळाची रेघ आहे का बघा. २०१९ आणि २०२१ च्या पुरानंतर सांगली-कोल्हापूरकडच्या बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात फिरल्या. स्कॅनर लावाल तेव्हा नुसते फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाच्या नोंदी, वाचू नका. कोड आदल्या दिवशी पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या तपासण्या ‘अपूर्ण’ दाखवतात, ते वाचा.

वॉरंटी: इंजिन आणि गिअरबॉक्स सहा महिने, लेखी. इंजेक्टर, स्क्रीन, सनरूफ आणि ज्या गाडीत एअर सस्पेन्शन आहे तिथे ते, यावर नाही. एवढंच आहे आणि पावतीच्या मागे छापलेलं आहे. नवी असताना साठ लाखांच्या पुढे गेलेली गाडी निम्म्यात मिळते, पण तिचे सुटे भाग साठ लाखांच्या गाडीचेच राहतात. त्याची सोय वेगळी ठेवा, हे मी तेव्हाही म्हटलं होतं.

तुमची टोकनची रक्कम त्याच संध्याकाळी परत गेली आहे. दिल्ली पासिंगची गाडी अजून मनात असेल तर चासी नंबर आणि तिचा फॉर्म २८ घेऊन या, आमच्या लिफ्टवर चढवून दाखवतो, पैसे घेणार नाही. गुरुवारी दुकान बंद असतं.