पॉवर विंडो अडकली की ‘मोटर बदला’: या फॉरवर्डमधला एकेक मुद्दा

जुन्या गाड्यांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरत असतो. शब्द थोडेफार बदलतात, सल्ला तोच: गाडी दहा वर्षांपुढची आहे आणि काच सारखी अडकते, म्हणजे मोटर कमजोर झाली, ती बदला, विषय संपला. तोवर काचेच्या खोबणीत डब्ल्यूडी-४० स्प्रे किंवा घरातलं खोबरेल तेल सोडा. फ्यूज उडत असेल तर एक नंबर वरचा टाका. ज्या दाराची काच चालत नाही त्या दाराचं बटण बदला. काच अर्ध्यात थांबली तर बटण दाबून धरा, नाहीतर दोन्ही तळव्यांनी काच वर ढकला.

यातला एखादा उपाय एखाद्या दिवशी लागू पडतोही. म्हणूनच हा मेसेज टिकून आहे. पण ‘वारंवार’ अडकणाऱ्या काचेला हे उपाय केले की महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा तेच होतं, फक्त मधल्या काळात मोटरचे पैसे गेलेले असतात.

‘मोटर कमजोर झाली’

मोटर खरंच जाते, नाही असं नाही. पण कधी चालते, कधी नाही असं ती करू लागली, तर दोष मोटरच्या आत असण्याचं मुख्य कारण एकच: कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला करंट पोचवणारे ब्रश) झिजणं. त्याची परीक्षा सोपी. एकाने बटण दाबून धरायचं, दुसऱ्याने दाराच्या पत्र्यावर मोटरच्या जागी मुठीने ठोकायचं. ठोकल्यावर मोटर फिरली, तर कार्बन संपत आले आहेत आणि मोटर बदलणं योग्य.

बाकी बहुतेक वेळा मोटर मार खात असते. ओढणारी काच आणि अर्धवट पोचणारा करंट हे दोन खरे गुन्हेगार. साफ खोबणीत काच वर नेताना मोटर साधारण ५ ते ८ अँपिअर घेते. काच जाम झाली की हाच आकडा २० च्या पुढे जातो. १२ व्होल्टला २० अँपिअर म्हणजे २४० वॅट, आणि मोटर फिरत नसल्यामुळे जवळपास सगळ्याची उष्णता होते. मोटरमधला थर्मल कटआउट त्यासाठीच असतो. तापली की तो करंट तोडतो, थंड झाली की जोडतो. ‘पाच मिनिटं थांबलं की आपोआप चालते’ या तक्रारीमागे बहुधा तोच असतो. अशा दारात नवी मोटर टाकली तर तीही त्याच खोबणीत तीच काच ओढणार आहे.

म्हणून आधी ओढ आणि करंट वेगळे करा. इंजिन बंद, चावी ऑनवर, छतातला दिवा लावलेला. आता अडकलेल्या काचेचं बटण दाबा. दिवा किंचित मंदावला तर मोटरपर्यंत करंट जातोय आणि ती जाम आहे. दिवा ढिम्म, तर वाटेत कुठेतरी तुटलंय. (छताला एलईडी लावला असेल तर ही युक्ती फसते, तो एवढ्या फरकाला दाद देत नाही.) मोटरचा आवाज येतोय पण काच हलत नाही, किंवा कडकड असा आवाज येतो, तर दोष काच उचलणाऱ्या मशीनचा, म्हणजे रेग्युलेटरचा: केबलचे धागे सुटलेत, पुली फुटलीय किंवा काच धरणारा प्लास्टिकचा स्लायडर तुटलाय.

सगळ्यात खात्रीची परीक्षा दार उघडूनच होते. डोअर पॅड (दाराचं आतलं आवरण) काढा, काच मशीनला धरणारे दोन बोल्ट सोडा, काच हाताने वर नेऊन चिकटपट्टीने फ्रेमला पक्की करा. मग मोटर रिकामी चालवून पाहा. रिकामी मोटर आणि मशीन सुसाट धावते का? मग पट्टी काढून काच हाताने वर-खाली सरकवा. ती दोन्ही हातांनी अलगद सरकायला हवी. जोर लावावा लागत असेल तर दुखणं खोबणीत आहे आणि मोटरला हात लावायचं कारण नाही.

इथे एक सावधगिरी. कात्रीसारख्या दोन हातांच्या जुन्या मशीनला मोठी गुंडाळलेली स्प्रिंग असते. मोटर काढली की दात्यांना अडवणारं काही उरत नाही आणि हात झटक्यात फिरतो. बोटं तुटण्याइतका जोर असतो त्यात. मोटर काढण्याआधी दात्यांचा पत्रा मशीनच्या पाट्याला नट-बोल्टने किंवा पक्क्या क्लॅम्पने जखडून घ्या.

‘खोबणीत तेल सोडा’

तेल सोडल्यावर काच दोन दिवस छान पळते, हे खरं. पण खोबणीतल्या रबराला आतून बारीक लव असते आणि काच त्या लवेवरून घसरते. तेलावर धूळ बसली की लवेत काळी लगदी होते आणि आठवडाभरात काच आधीपेक्षा जड होते. शिवाय हे रबर बहुधा ईपीडीएम जातीचं असतं. ऊन-पाणी ते वर्षानुवर्षं सोसतं, पण खनिज तेलाने फुगतं आणि मऊ पडतं. फुगलेली खोबणी काचेला आणखी आवळते. खोबरेल तेलाची तर आणखी गंमत: ते २४ अंशांच्या आसपास थिजतं. नाशकात डिसेंबरच्या सकाळी काच का उठत नाही, याचं उत्तर मग बाटलीतच सापडतं.

करायचं ते असं. काच पूर्ण खाली घ्या. प्लास्टिकच्या पट्टीला पातळ सुती फडकं गुंडाळा, गाडी धुण्याच्या शॅम्पूच्या पाण्यात भिजवून पिळा आणि खोबणीच्या दोन्ही उभ्या बाजू व वरची बाजू पुसून काढा. फडकं काळं निघायचं थांबेपर्यंत. पूर्ण वाळू द्या. मग सिलिकॉन स्प्रे, बारीक नळी लावून, खोबणीच्या तळाशी आणि दोन्ही कडांना पातळ मारा. काच चार-पाच वेळा वर-खाली करा, काचेवर आलेलं पुसून घ्या. सिलिकॉन पुढच्या काचेवर उडू देऊ नका, वायपर फिरल्यावर तेलकट पट्टे उमटतात. कोपऱ्यात रबर फाटलं असेल किंवा दाबल्यावर लाकडासारखं लागत असेल, तर स्प्रेने काही होणार नाही. नवी खोबणी आणा. बसवताना आधी वरचे कोपरे बसवा, मग बाजू.

दोन गोष्टी लोक विसरतात. खोबणीत दाबून बसवलेले पावसाळी व्हायझर आणि कडेला सुटत आलेली काचेची फिल्म. व्हायझर जाड असेल तर रबर काचेवर दाबलं जातं. फिल्मची सुटलेली कड प्रत्येक फेरीला दुमडून खोबणीत अडकते. दोन्ही काढून काच चालवून पाहा. फुकटातली परीक्षा आहे.

‘एक नंबर वरचा फ्यूज टाका’

हा सल्ला धोक्याचा आहे, त्यामुळे स्पष्टच सांगतो: टाकू नका. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो. पिवळा २० चा उडतो म्हणून हिरवा ३० चा टाकला, तर दोष तिथेच राहतो आणि आता वायर तापते, तीही दाराच्या पॅडमागे किंवा डॅशबोर्डच्या पोटात, जिथे धूर दिसेपर्यंत काही कळत नाही. सिगरेटच्या पाकिटातला चंदेरी कागद गुंडाळणाऱ्यांबद्दल न बोललेलं बरं. फ्यूजच्या झाकणावर किंवा हँडबुकात जो नंबर आहे तोच घालायचा.

फ्यूज कधी उडतो ते पाहा, त्यातच उत्तर असतं. काच वरच्या टोकाला पोचताना उडत असेल तर ओढ जास्त आहे. दार उघडताना-मिटताना उडत असेल तर दार आणि बिजागऱ्यांचा खांब यांच्यामधल्या रबरी नळीत वायर सोलली गेली आहे आणि पत्र्याला लागते आहे. बाहेरून पॉवर विंडोचा किट बसवलेल्या गाडीत आणखी एक पाहा: पुरवठा कुठून घेतलाय. सिगरेट लायटरच्या किंवा गाडीतल्या टेपरेकॉर्डरच्या वायरीला जॉइंट मारलेला असेल, तर ती वायर एवढ्या भाराची नाहीच. किटला बॅटरीकडून स्वतंत्र २.५ चौरस मिलिमीटरची वायर हवी आणि फ्यूज बॅटरीच्या जवळ, वीतभर अंतरात.

‘त्या दाराचं बटण बदला’

सगळ्यात जास्त पैसे वाया जातात ते इथे. साध्या जुन्या वायरिंगमध्ये मोटरच्या दोन्ही वायरी एरवी अर्थवर (गाडीच्या पत्र्याला जोडलेल्या, करंटच्या परतीच्या रस्त्यावर) बसलेल्या असतात. बटण दाबलं की त्यातली एक १२ व्होल्टवर जाते, दुसरी अर्थवरच राहते. उलट दाबलं की उलट. आणि मागच्या दाराच्या बटणाला तो अर्थ बहुतेक वेळा ड्रायव्हरच्या दारातल्या मास्टर स्विचमधून (सगळ्या काचांची बटणं असलेल्या) मिळतो. म्हणजे मागची काच मागच्या बटणावरून चालवली, तरी करंट मास्टर स्विचच्या कॉन्टॅक्टमधून परत येतो. तो कॉन्टॅक्ट काजळला, की मागचं बटण नवं, मोटर नवी, तरी काच मेलेली.

आधी साधा तक्ता लावा. मास्टरवरून चालते पण स्वतःच्या बटणावरून नाही: मागच्या काचांचं लॉक दाबलं गेलंय का ते आधी बघा (हसू नका), नसेल तर त्या दाराचं बटण. स्वतःच्या बटणावरून चालते, मास्टरवरून नाही: मास्टर. दोन्हीवरून नाही: मोटरच्या कपलरवर (वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या प्लगवर) मल्टिमीटर लावा. चारही काचा मंद असतील तर एकेका दारात शिरू नका. बॅटरी, मुख्य पुरवठा आणि अर्थचा बोल्ट तपासा.

मल्टिमीटरवर कंटिन्यूइटीची (तार सलग असल्याची) बीप वाजली म्हणजे वायर ठीक, असं समजण्यात बरेच जण फसतात. कॉन्टॅक्टवर फक्त ०.३ ओहम अडथळा असेल तरी बीप वाजते. पण ८ अँपिअर वाहताना तिथे २.४ व्होल्ट खाल्ले जातात आणि १९ वॅट उष्णता बटणातच होते. बटणाचं प्लास्टिक पिवळं पडतं ते असं. म्हणून मोजणी नेहमी मोटर जोडलेली ठेवून, बटण दाबून करायची, कपलरच्या मागून पिन टोचून. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ च्या आसपास आकडा असतो. मोटरच्या दोन पिनांमध्ये १२ च्या वर मिळाले आणि मोटर हलत नाही, तर मोटर किंवा मशीन जाम. कपलर काढल्यावर १२, जोडल्यावर ३-४, तर वाटेत अडथळा. आणि मोटर जोडलेली असताना दोन्ही पिनांवर बॉडीच्या हिशेबाने पूर्ण व्होल्टेज दिसलं, तर परतीचा रस्ता तुटलाय: मास्टर स्विच, वायर किंवा अर्थ. मीटर नसेल तर जुना एच४ हेडलाइट बल्ब दोन वायरी लावून मोटरच्या जागी जोडा. तो साधारण ५ अँपिअर ओढतो. पूर्ण उजेड पडला तर रस्ता ठीक, लालसर पेटला तर नाही.

मास्टर स्विच बहुधा उघडता येतो. आतल्या तांब्याच्या पट्ट्यांवरची काजळी कॉन्टॅक्ट क्लीनर आणि पेन्सिलच्या खोडरबराने काढा. जाड पॉलिश पेपर वापरू नका, वरचा चांदीचा पातळ थर जातो आणि कॉन्टॅक्ट पुन्हा लवकर जळतो. खड्डे पडले असतील तर स्विच बदलाच.

खांब आणि दार यांच्यामधल्या रबरी नळीकडे फॉरवर्डमध्ये कुणी पाहिलेलंच नाही. ड्रायव्हरचं दार दिवसातून सगळ्यात जास्त उघडतं, तिथली तांब्याची तार आतल्या आत तुटते आणि वरचं प्लास्टिक शाबूत दिसतं. नळी मागे सरकवा आणि एकेक वायर हलकेच ताणा. तुटलेली वायर रबरासारखी लांबते. दुरुस्ती करताना तुटल्या जागीच जॉइंट मारू नका. झाळलेली जागा कडक होते आणि दार उघडता-मिटता तिच्या शेजारी पुन्हा तुटते. १५-२० सेंटिमीटरचा नवा, बहुतारी, १.५ चौरस मिलिमीटरचा तुकडा घाला, म्हणजे एक जॉइंट दारात आणि दुसरा खांबात येईल, वळणाच्या जागी नाही. चार वायरी जोडायच्या असतील तर जॉइंट मागे-पुढे ठेवा, वर हीट-श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी).

पावसाळ्यात बिघडते म्हणजे मोटरमध्ये पाणी गेलं?

पाणी दारात जातंच, तशीच रचना आहे. काचेवरून उतरलेलं पाणी दाराच्या तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. कोकणात, गोव्यात ती भोकं लाल मातीने आणि पाल्याने बुजतात आणि दार टाकीसारखं भरतं. दर मे महिन्यात केबल-टायचं टोक घालून ती मोकळी करा. दुसरं म्हणजे डोअर पॅडमागचा प्लास्टिकचा कागद. गॅरेजमध्ये तो फाडला जातो आणि परत चिकटवला जात नाही. मग पाणी कपलरवर आणि तुमच्या पायपुसण्यावर. नवा जाड प्लास्टिक कागद कापून ब्यूटिल टेपने (चिकट रबरी पट्टीने) सगळीकडून सीलबंद करा. खालची कड दाराच्या आत वळवा, पॅडच्या बाजूला नाही.

‘बटण दाबून धरा, काच तळव्यांनी ढकला’

दाबून धरल्याने काय होतं ते वर आलंच. दोन सेकंदांत हलली नाही तर सोडा. ढकलण्याचा उपाय फक्त केबल किंवा स्लायडर तुटला असेल तेव्हा चालतो. मशीन शाबूत असेल तर मोटरमधला वर्म गिअर बाहेरच्या जोराने उलटा फिरत नाही, कितीही ढकला. मात्र एकाने बटण वर धरून दुसऱ्याने तळव्यांनी आधार दिला तर मंद काच बंद होते, एवढं त्या सल्ल्यात तथ्य आहे.

काच खाली अडकली आहे आणि पाऊस सुरू झालाय, तर पॅड काढा, काचेचे दोन बोल्ट सोडा (बोल्ट दाराच्या भोकासमोर येत नसतील तर मोटरच्या दोन पिनांना बॅटरीकडून फ्यूज लावलेल्या वायरींनी क्षणभर करंट देऊन काच सरकवा). काच हाताने वर न्या आणि वरून फ्रेमवर रुंद चिकटपट्टीच्या दोन पट्ट्या मारा. त्या सुकलेल्या काचेवरच धरतात, ओल्यावर नाही. खालून दारात काचेच्या बुडाला लाकडी ठोकळा लावा आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या दाराचा कपलर काढून ठेवा, म्हणजे सवयीने कुणी बटण दाबणार नाही.