वेणी केस राखते, वाढवत नाही

रोज रात्री घट्ट वेणी घालून झोपल्यास मुळांशी रक्त खेळते आणि केस दुप्पट वेगाने वाढतात. वेणीचे तीन पेड म्हणजे शरीर, मन आणि आत्मा, आणि जगातल्या साऱ्या संस्कृतींनी वेणीला हाच अर्थ दिला आहे. वेणी जितकी आवळलेली, तितकी मुळे पक्की, आणि ती ओल्या केसांची घातली तर उत्तमच, अशा आशयाचा मजकूर सध्या हातोहात पुढे पाठवला जात आहे. वेणी ही माणसाच्या हातांनी शोधलेली एक सुंदर आणि उपयोगी रचना आहे असे मी मानतो, आणि म्हणूनच तिच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या या विधानांना उत्तर देणे मला आवश्यक वाटते.

पहिले विधान वाढीचे. आपल्याला दिसणारा केस हा केराटिन या प्रथिनाचा निर्जीव तंतू असतो. त्यात रक्तवाहिनी नसते आणि संवेदनाही नसते. केस वाढतो तो त्वचेखालच्या मुळाशी, महिन्याला साधारण १ सेंटिमीटर, आणि हा वेग आनुवंशिकता, वय, संप्रेरके, पोषण आणि आजार यांवर ठरतो. बाहेरच्या तंतूंची गुंफण कशीही केली तरी त्यात फरक पडत नाही. घट्ट वेणीने डोक्याला येणारी चुणचुण ही रक्त खेळल्याची खूण नसून त्वचा ओढली जात असल्याची तक्रार आहे. तरीही अनेकींना वेणीमुळे केस वाढल्याचा अनुभव येतो, आणि तो खोटा नाही. मोकळे केस उशीवर घासतात, गुंततात, आणि विंचरताना टोकाशी तुटतात. सैल वेणीत ही झीज कमी होते, म्हणून वाढलेली लांबी टिकते. श्रेय द्यायचे तर ते या राखणीचे द्यावे.

तीन पेडांना कोणी शरीर, मन आणि आत्मा मानत असेल तर त्याच्या श्रद्धेशी माझे भांडण नाही; पण साऱ्या जगाचा हाच अर्थ आहे हे म्हणणे चुकीचे आहे. चीनमध्ये १६४५ मध्ये मांचू वंशाच्या राज्यकर्त्यांनी हान, म्हणजे बहुसंख्य चिनी, पुरुषांना कपाळावरचे केस भादरून मागे एकच वेणी ठेवण्याचा हुकूम केला, आणि न पाळणाऱ्याला मृत्युदंड होता. तेथे वेणी ही राजनिष्ठेची सक्तीची खूण होती, आणि १९११ च्या क्रांतीनंतर ती कापून टाकणे ही त्या राजवटीतून सुटल्याची खूण ठरली. पेड तीनच का, याचे कारण तर बोटांतच सापडते. दोन पेडांना नुसता पीळ देता येतो; कडेचा पेड आळीपाळीने मधल्यावर टाकत जाण्यासाठी किमान तीन लागतात. स्वतः गुंफून पाहावे: सहा वेळा पेड टाकले की प्रत्येक पेड पुन्हा आपल्या मूळ जागी येतो. तिन्ही पेड सारखाच मार्ग चालतात, म्हणून ताण तिघांत वाटला जातो. काम वेगळे असेल तर पेडही वाढतात. गिर्यारोहकांच्या दोराचे बाहेरचे आवरण आणि जखम शिवण्याचा रेशमी धागा हे अनेक पेडांचे गोफच असतात, आणि पेडांच्या या अदलाबदलीचे गणित गणितज्ञ एमिल आर्टिन यांनी १९२५ मध्ये मांडले.

आवळून वेणी घालण्याचा सल्ला मात्र नुसता चुकीचा नाही, तो घातक आहे. सतत ओढ बसल्याने केस गळण्याच्या विकाराचे वर्णन १९०७ मध्येच झाले होते, आणि ते ग्रीनलंडमध्ये घट्ट केस बांधणाऱ्या स्त्रियांविषयी होते. त्याची सुरुवात कानशिलांवर आणि कपाळाच्या कडेला होते: मुळांभोवती बारीक लाल पुटकुळ्या येतात, भांगाच्या टोकाशी केस विरळ होतात, आणि उरलेली आखूड लव वेणीत मावेनाशी होते. हे वेळीच ओळखून ओढ थांबवली तर केस बहुधा परत येतात. वर्षानुवर्षे चालू राहिले तर तेथे व्रण धरतो आणि ते मूळ कायमचे बंद होते. ओल्या केसांची गोष्ट याला जोडूनच येते. पाण्याने केसातले काही बंध तात्पुरते सुटतात, त्यामुळे ओला केस जास्त ताणला जातो आणि लवकर तुटतो. शिवाय आतला ओलावा तासन्‌तास वाळत नाही.

तेव्हा केस वाळू द्यावेत, गुंता टोकाकडून सोडवत वर जावे, पेड सैल टाकावेत आणि शेवट कापडी फितीने बांधावा. वेणी घातल्यावर भुवया उचलताना कपाळ ओढले जात असेल, तर ती तिथल्या तिथे सोडून पुन्हा घालावी. आणि लहान मुलगी वेणी घालून घेताना ‘दुखतंय’ म्हणत असेल, तर ‘होईल सवय’ असे म्हणून तिला गप्प करू नये.