परवडणारं भूत

साताऱ्या-सांगलीकडं हॉरर शॉर्टफिल्म करणाऱ्यांचं पहिलं गणित चुकतं ते भूत निवडताना. बहुतेक जण हडळ घेतात. हडळ म्हटली की पांढरी साडी आली, विग आला, डोळ्यांत पांढऱ्या लेन्स आल्या, उलटे पाय आले. उलट्या पायांचा शॉट जमत नाही म्हणून पाय फ्रेमबाहेर ठेवतात. मग ते उलटे होते हे बघणाऱ्याला कळणार कसं? एवढा खर्च करून पडद्यावर येते ती गॅदरिंगमधली हडळ. शिवाय बाळंतपणात गेलेल्या बाईलाच दरवेळी राक्षसीण करायची, हे दाभोलकरांच्या साताऱ्यात बसून लिहिताना कुणाला खटकत कसं नाही, तेही एक आहेच.

भूत परवडणारं घ्या. आपल्याकडं चकवा आहे की! रात्री रानात वाट चुकवणारा, फिरवून फिरवून परत त्याच बांधावर आणून सोडणारा. त्याला चेहरा नाही, साडी नाही, मेकअप नाही. १९९९ ची 'द ब्लेअर विच प्रोजेक्ट' बघा. ती तिघं दिवसभर एकाच दिशेला चालतात आणि पुन्हा त्याच ओंडक्यापाशी येऊन पोचतात. चकवाच झाला तो. डॅनियल मायरिक आणि एदुआर्दो सांचेझ या दोघांनी जंगलातलं शूटिंग आठ दिवसांत उरकलं, कॅमेरे नटांच्याच हातात दिले आणि चेटकीण एकदाही दाखवली नाही.

जॉर्ज रोमेरो या अमेरिकन दिग्दर्शकानं १९६८ मध्ये 'नाईट ऑफ द लिव्हिंग डेड' केली तेव्हा त्याचं पोट पिट्सबर्गमध्ये जाहिराती आणि कंपन्यांच्या फिल्म्स करण्यावर चालायचं. म्हणजे आपल्या लग्नाच्या व्हिडिओवाल्यांचाच भाऊबंद. हाताशी होतं एक शेतातलं रिकामं घर आणि सावकाश चालू शकतील अशी ओळखीची माणसं. त्याचं भूत म्हणजे सावकाश चालणारी माणसं. जॉन कार्पेंटरच्या 'हॅलोवीन'मधला मारेकरी म्हणजे दुकानातून दोनेक डॉलरला आणलेला, पांढरा रंग फासलेला मुखवटा. या दिग्दर्शकांनी आधी घरातलं सामान मोजलं आणि मग त्यात बसेल तेवढंच भूत लिहिलं. आपल्याकडं भूत आधी लिहितात आणि मग ड्रोन कुणाकडं मिळतोय ते शोधतात.

चकव्याला लागणारं रान आपल्याकडं फुकट आहे. ऊस. पण ऊस थांबत नाही, हे लक्षात ठेवा. गळीत हंगाम सुरू झाला की ऊसतोडीची टोळी कधी येऊन उभी राहील ते मालकालाही आधी सांगता येत नाही. ऑक्टोबरात निम्मी फिल्म शूट करून उरलेली डिसेंबरात घ्यायला जाल, तर त्या जागी गुडघ्याएवढा खोडवा, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून फुटलेला नवा ऊस, उभा असेल. म्हणून लागणीची तारीख विचारूनच प्लॉट ठरवा आणि उसातले सगळे सीन सलग काढा. अगदीच अडलं तर एक उपाय आहे. चाळीस-पन्नास ऊस मुळापासून तोडून आणायचे, नटाच्या मागं दोन ओळींत जमिनीत रोवायचे आणि ८५ एमएमच्या लेन्सनं एफ २ वर, म्हणजे लेन्सचं तोंड मोठं उघडून, क्लोजअप घ्यायचे. मागचं सगळं एकात एक मिसळून दाट रान वाटतं. वाढं, म्हणजे वरचा हिरवा शेंडा, मात्र दोन-तीन तासांत मलूल होतं, तेवढ्यात आटपा. वाळलेलं पाचट आधीच पाच-सहा पोती भरून ठेवा. 'हॅलोवीन'ची गोष्ट ऑक्टोबरातली, शूटिंग कॅलिफोर्नियातल्या वसंतातलं. त्यांनी रंगवलेली कागदी पानं अंगणात पसरली, शॉट झाला की गोळा केली आणि पुढच्या शॉटला परत पसरली. पाचटाचंही तेच करायचं.

पहिल्या दोन-तीन सरींच्या आत जाऊ नका. कराड-पाटण, वाळवा-शिराळा पट्ट्यात बिबट्या उसातच राहतो आणि पिल्लंही उसातच घालतो. कॅमेऱ्याला दोन सरी आणि शंभर सरी यातला फरक दिसत नाही.

धावत अंगावर येणाऱ्या शॉटसाठी गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, भाड्यानं घेतात, तेही गरजेचं नाही. 'द इव्हिल डेड'च्या वेळी सॅम रायमीनं लांब फळीच्या मधोमध कॅमेरा घट्ट बसवला आणि दोघांनी दोन टोकं धरून रानातून धाव घेतली. फळी लांब, त्यामुळं एकाच्या पावलाचा धक्का मध्यापर्यंत येताना निम्मा होतो. आठ फुटांची फळी, १६ एमएमच्या आसपासची वाइड लेन्स आणि कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर. ५० एमएम लावलीत तर प्रत्येक हादरा मोठा दिसतो, शॉट बघवणार नाही. पळणाऱ्यांना फुल बाह्यांचे शर्ट द्या, उसाचं पान ब्लेडसारखं कापतं.

आता अंधार. रात्री उसात लाइट टाकला की पुढची पानं भडक पांढरी पडतात आणि मागं काळीकुट्ट भिंत दिसते. त्यापेक्षा दिवसा शूट करून रात्र दाखवा. या जुन्या युक्तीत आभाळ दिसलं की चोरी पकडली जाते, आणि उभ्या उसात आभाळ आपोआप झाकलं जातं. दुपारी चारच्या पुढं, सूर्य नटाच्या पाठीमागं. व्हाइट बॅलन्स ३२०० वर, म्हणजे चित्र निळसर होतं. एक्स्पोजर दोन स्टॉप खाली, म्हणजे उजेड पाव. सूर्याचा चंद्र होतो. फसतं ते बॅटरीच्या शॉटला, कारण दिवसाच्या उजेडात बॅटरीचा झोत दिसतच नाही. ते शॉट सूर्य मावळल्यावरच्या वीस-बावीस मिनिटांत घ्यायचे. आपल्या अक्षांशावर संध्याकाळ तेवढीच टिकते, म्हणून तालीम आधी करून ठेवा.

वाड्यात उलटं. वाई-मेणवलीकडचे वाडे सगळ्यांना हवे असतात, पण आत गेल्यावर लोक चारी कोपऱ्यांत एलईडी पॅनेल लावून त्याचं मंगल कार्यालय करतात. फ्रेममध्ये एक कंदील असेल तर उजेड कंदिलाच्याच बाजूनं यायला हवा. कंदिलाच्या काचेमागं, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशी, २७०० केल्व्हिनची, म्हणजे पिवळसर उजेडाची, छोटी एलईडी पट्टी १२ व्होल्टच्या बॅटरीवर लावा. ज्योत दिसते आणि चेहऱ्यावर उजेडही पडतो. दुसरा लाइट बाहेरून खिडकीतून, मांजरपाट ताणून त्यातून. बस्स. शटर १/५० ठेवा, आपली वीज ५० हर्ट्झची आहे. नाहीतर भिंतीवरच्या स्वस्त बल्बचे पट्टे फिरताना दिसतील.

जनरेटर आणूच नका, त्याची घरघर साउंडमध्ये मुरते. १५० एएचची घरगुती बॅटरी आणि साइन वेव्हचा इन्व्हर्टर २०० वॉटचे एलईडी पाचेक तास ओढतो. स्क्वेअर वेव्हचा घेतलात तर लाइटचे अॅडाप्टर गुणगुणतात.

आणि साउंड. खरा खर्च इथं करायचा. सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' उभं केलं तेव्हापासून या भागाला आवाजाची जाण आहे म्हणतात. मग शॉर्टफिल्ममध्ये ती जाते कुठं?

पावसाळ्यानंतर रातकिडे भरात असतात. प्रत्येक टेकमध्ये त्यांचा सूर थोडा वेगळा लागतो, त्यामुळं दोन शॉट जोडले की दर कटला आवाज उडी मारतो. एडिटर मग नॉइज रिडक्शन लावतो. रातकिड्यांचा आवाज साधारण ४-५ किलोहर्ट्झला असतो, आणि आपले स, श, च तिथंच राहतात. रातकिड्यांबरोबर तेही जातात आणि नट बोबडा वाटायला लागतो. उपाय असा: माइक तोंडापासून दीड-दोन फुटांवर आणा, म्हणजे मागचं आपोआप बारीक होतं. शूटिंग संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून तिथलीच चार मिनिटं सलग रेकॉर्ड करा, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. तो थर अख्ख्या सीनखाली अंथरला की कट ऐकू येत नाहीत. आणि एकदा तो थर तुमच्या हातात आला की भीतीही हातात आली. चकवा जवळ आला की रातकिडे एकदम बंद करा. दोन सेकंद काही नाही. रानात राहिलेल्या प्रेक्षकाला त्याचा अर्थ सांगावा लागत नाही.

लोक ही फिल्म मोबाइलवर बघणार आहेत. मोबाइलच्या स्पीकरला १५० हर्ट्झच्या खालचं फारसं ऐकवता येत नाही. तुमची स्टुडिओत छाती हलवणारी घुमघुम तिथं पोचतच नाही. तिच्यावर ३००-४०० हर्ट्झचा खरखरीत थर चढवा, म्हणजे कानाला काहीतरी लागेल. हाड मोडल्याचा आवाज नेटवरून उतरवण्यापेक्षा माइकसमोर ऊस कांड्यावर मोडा. इतकं चांगलं हाड जगात कुणाकडं नसेल. घरात शूटिंग असेल तर फ्रीज बंद करताना स्वतःच्या गाडीची चावी फ्रीजमध्ये ठेवा. घरी निघताना आठवण होते.

हिंदीत भुतांचे सिनेमे काढणाऱ्या रामसे बंधूंना हसणाऱ्यांनी एक बघावं. १९७२ ची 'दो गज जमीन के नीचे' आपल्याच जिल्ह्यात, महाबळेश्वरच्या गेस्ट हाऊसमध्ये मोजक्या माणसांत शूट झाली. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करायचे, गंगू कॅमेरा धरायचा, अर्जुन एडिटिंग बघायचा. आणि सात भावांतला एक अख्खा भाऊ, किरण, साउंडला दिलेला होता. आपल्या टीममध्ये साउंडला कोण असतो? ज्याला दुसरं काम उरलं नाही तो.

रक्ताचंही सांगून टाकतो. कुंकू-पाणी नको, ते खाली बसतं. बेकरी सामानाच्या दुकानातून अर्धा किलो लिक्विड ग्लुकोज आणा. दीडशे मिली कोमट पाण्यात दोन चमचे कोको आधी नीट घोटून घ्या, थेट टाकला तर गुठळ्या होतात. मग एक चमचा खायचा लाल रंग आणि अगदी चिमूटभर निळा. आपल्याकडं काकवी स्वस्त म्हणून काहीजण तीच वापरतात. दाटपणा छान येतो, पण मुळातली तपकिरी झाक लाल रंगाला मारते आणि दहा मिनिटांत मुंग्या लागतात. निपचित पडलेलं प्रेत मुंगी चावल्यावर हलतंच. दोन बाटल्या वेगवेगळ्या करा: निळसर रात्रीत लाल काळं दिसतं, म्हणून तिथं कोको निम्मा, कंदिलाच्या उजेडात लाल केशरी दिसतं, म्हणून तिथं निळा थोडा जास्त. कातडीला आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर रंग चार दिवस जात नाही. कपड्यांचे एकसारखे तीन जोड ठेवा.

परवानगीचं थोडक्यात. पोलीस ठाण्यात अर्ज द्या, पोलीस पाटलांना सांगा, गावच्या ग्रुपवर टाका. रात्री अनोळखी पोरं बॅटऱ्या घेऊन रानात दिसली तर लोक आधी विहिरीवरच्या मोटारी चोरणारे समजून धरतात. रस्त्यावर, विशेषतः खंबाटकीसारख्या घाटात, भूत उभं करू नका. ब्रेक मारणाऱ्याला ती फिल्म आहे हे माहीत नसतं. खरा नाग, खरं घुबड डोक्यातून काढून टाका, तो वन्यजीव कायद्याखाली गुन्हा आहे. आणि जागेच्या मालकाची, नटांची सही कागदावर घ्या. रोमेरोच्या फिल्मचं नाव ऐनवेळी बदललं, नव्या टायटलवर कॉपीराइटची ओळ टाकायची राहिली, आणि अमेरिकेत ती फिल्म कुणीही फुकट दाखवू लागलं.

भाड्याचं सामान कधी घ्यायचं? पितृपक्षात. लग्नं नसतात, त्यामुळं कॅमेरे, लाइट, पोरं सगळं मोकळं असतं आणि दर बोलून कमी करता येतो. ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो, टोळ्या अजून यायच्या असतात, रातकिडे जोरात असतात. पावसासाठी दोन दिवस जादा धरा. घरी मात्र शूटिंगचा विषय काय आहे ते पंधरवडा संपल्यावर सांगा.