कुणीही, कधीही? फॅन्टसीतल्या मृत्यूंबद्दलच्या एका दाव्याचा प्रतिवाद

फॅन्टसी वाचणाऱ्या आणि लिहिणाऱ्या लोकांत गेली काही वर्षं एक मत इतकं फिरतंय, की आता ते नियमासारखं सांगितलं जातं. ते असं: ज्या कथेत मोठी पात्रं मरत नाहीत, ती पोरांसाठीची कथा. लेखकाने नायकाला कवचकुंडलं घालूनच पाठवलं की वाचकाला धास्ती कसली? ज्यांच्या पुस्तकांवरून 'गेम ऑफ थ्रोन्स' ही मालिका निघाली, त्या जॉर्ज आर. आर. मार्टिन यांनी कुणालाही, कधीही मारलं, म्हणून ते वेगळे ठरले. मेलेलं पात्र परत आणणं ही वाचकाची फसवणूक. आणि खऱ्या आयुष्यात मरण कारण सांगून येत नाही, तेव्हा कथेतही ते तसंच यावं.

पात्रं मारण्याला माझा मुळीच विरोध नाही. काही मृत्यू मी पुन्हा पुन्हा जाऊन वाचते. पण या मतात त्या मृत्यूंचं श्रेय भलत्याच गोष्टीला दिलं जातं, आणि नवीन लिहिणारे ते खरं मानून चालतात, म्हणून हे लिहिते आहे. मोठ्या पात्राचा मृत्यू कथेच्या कामी येतो तो मागे उरलेल्यांवर जे येऊन पडतं त्यामुळे. वाचक किती दचकला, याचा त्याच्याशी फार थोडा संबंध आहे. आता एकेक मुद्दा घेते.

"कोण मरणार हे माहीत नसेल तरच उत्कंठा टिकते."

महाभारतातलं भीष्मपर्व काढून बघा. संजय रणांगणावरून येतो आणि धृतराष्ट्राला आधी सांगतो, ते भीष्म पडल्याचं. दहा दिवसांचं युद्ध अजून सांगायचं आहे. गीतासुद्धा अजून यायची आहे. पुढे द्रोणांचं तेच आणि कर्णाचंही तेच: आधी पडल्याची बातमी, मग तो कसा पडला याची हकिगत. आदिपर्वात तर धृतराष्ट्र आपल्या विलापातच सगळ्या युद्धाचा निकाल सांगून मोकळा होतो. ज्या कथेत जवळजवळ प्रत्येक मोठा योद्धा मरतो, ती कथा कोण मरणार हे लपवायच्या भानगडीतच पडत नाही.

तरीही तेराव्या दिवशी अभिमन्यू चक्रव्यूहाकडे निघतो तेव्हा पोटात खड्डा पडतोच. आत शिरायचं ठाऊक आहे, बाहेर पडायचं नाही, हे तो स्वतः युधिष्ठिराला सांगतो. तू वाट कर, आम्ही तुझ्या मागोमाग आहोत, असं थोरले त्याला सांगतात. ते खोटं बोलत नसतात. जयद्रथ चौघांनाही बाहेरच अडवून धरतो. आपल्याला शेवट आधीच ठाऊक असतो, म्हणून तर "आम्ही तुझ्या मागोमाग आहोत" हे ऐकवत नाही. शेवट लपवला असता तर हा शब्द नुसता शब्द म्हणून कानावरून गेला असता.

अलीकडचं उदाहरण हवं असेल तर 'बाहुबली' घ्या. २०१५ साली पहिला भाग संपला तो कटप्पानेच बाहुबलीला मारलं हे सांगून. पुढची दोन वर्षं लोक एकच प्रश्न विचारत होते, आणि तो "का" असा होता. २०१७ साली दुसरा भाग पाहायला बसलेल्या प्रत्येकाला अमरेंद्र बाहुबली मरणार हे पक्कं माहीत होतं. त्यामुळे कटप्पा आणि अमरेंद्र यांच्यातला प्रत्येक हसरा प्रसंग जड होऊन बसला.

"मार्टिन यांनी कुणालाही, कधीही मारलं."

हा दावा सगळ्यांत जास्त सांगितला जातो, आणि तोच सगळ्यांत कच्चा आहे.

१९९३ साली मार्टिन यांनी या पुस्तकमालेबद्दल आपल्या एजंटला एक पत्र लिहिलं होतं. ते २०१५ साली लोकांसमोर आलं. तेव्हा त्यांच्या मनात तीनच पुस्तकं होती. पाच मध्यवर्ती पात्रं तिन्ही पुस्तकं पार करतील, असं त्यांनी त्यात स्पष्ट लिहिलं होतं: टिरियन, डेनेरिस, आर्या, ब्रॅन आणि जॉन स्नो. पहिलं पुस्तक छापून यायला अजून तीन वर्षं होती. पुढे बेत पुष्कळ बदलला, कथा तीन पुस्तकांत मावली नाही, हे खरं. पण "इथे कुणीच सुरक्षित नाही" अशी भावना ज्यांनी लाखो वाचकांच्या मनात रुजवली, त्यांनी कुणाला जगवायचं हे आधी ठरवलं होतं.

आता नेड स्टार्क, राजाचा मित्र आणि त्याचा मुख्य कारभारी. १९९६ च्या पहिल्या पुस्तकात त्याच्या नजरेतून सांगितलेली प्रकरणं पंधरा आहेत, इतर कुणाहीपेक्षा जास्त. त्याचं शिर उडतं तेव्हा वाचक हबकतो. पण हबकून झाल्यावर मागची पानं पुन्हा वाचावीत. राणीच्या मुलांचा बाप राजा नाही, हे नेडला कळतं. राजाला कळलं तर तो त्या मुलांना जिवंत ठेवणार नाही, म्हणून नेड आधी राणीलाच गाठून सावध करतो, मुलांना घेऊन निघून जा म्हणतो. नंतर राजाचा भाऊ रेन्ली माणसं द्यायला तयार असतो, रात्रीतून मुलांना ताब्यात घेऊ म्हणतो. घाबरलेल्या पोरांना अंथरुणातून ओढून काढणं नेडला पटत नाही. त्याच्या चांगुलपणाच्या एकेका निर्णयासरशी फास आवळत जातो. हा "कधीही" आलेला मृत्यू नाही. नेड असाच वागणार आणि त्या दरबारात असं वागणारा टिकणार नाही, या दोन्ही गोष्टी आपण शेकडो पानं पाहत आलेलो असतो. आणि तो गेल्यावर कथा थांबत नाही, फुटते: त्याच्या मुलांपैकी रॉबच्या डोक्यावर मुकुट येतो, आर्या नाव बदलून रस्त्याला लागते, सान्सा बापाला मारणाऱ्यांच्याच घरात अडकते.

२००० साली आलेल्या तिसऱ्या पुस्तकात लग्नाच्या मेजवानीत रॉबची कत्तल होते, त्या प्रसंगाचंही तसंच. रॉबने फ्रे घराण्याला त्यांच्या मुलीशी लग्न करायचा शब्द दिला होता आणि तो मोडला. सूड येणार हे ठरलेलं होतं. तो पाहुण्यांना भाकरी-मीठ, म्हणजे अभय, दिल्यानंतर येईल, हे तेवढं कुणाला वाटलं नव्हतं. त्यातली एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही: रॉबच्या नजरेतून लिहिलेलं एकही प्रकरण मार्टिन यांनी कधी दिलेलं नाही. तो मरतो ते आपण त्याच्या आईच्या डोळ्यांनी पाहतो. वादक एक ठरावीक गाणं वाजवू लागतात, ती आई, कॅटलिन, निघून चाललेल्या एडविन फ्रेचा दंड धरते, आणि रेशमी बाहीखाली तिच्या बोटांना चिलखताच्या लोखंडी कड्या लागतात. सगळा प्रसंग त्या बोटांत आहे. पुढचं रक्त येण्याआधीच आपल्याला सगळं कळलेलं असतं.

हे प्रकरण लिहिणं त्यांना इतकं जड गेलं की बाकीचं सगळं पुस्तक संपल्यावरच ते लिहिलं, असं मार्टिन यांनी सांगितलं आहे. मनात येईल तेव्हा पात्रं मारणारा माणूस असा टाळत बसत नाही.

"नायक जगला म्हणजे कथा पोरकट."

टॉल्किन यांच्या 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये घातक अंगठी अग्निपर्वतात टाकायला सोबती सॅमबरोबर निघालेला फ्रोडो जगतो. ६ ऑक्टोबरला वेदरटॉप टेकडीवर झालेली जखम वर्ष फिरून ती तारीख आली की पुन्हा त्याला पाडते. ज्या गावासाठी हे सगळं केलं, तिथे त्याला फारसा मानही मिळत नाही, आणि सॅमला ते टोचत राहतं. शेवटी तो जहाजात बसून कायमचा निघून जातो. त्याला अग्निपर्वतावरच मारलं असतं तर वीरमरण आलं असतं, गाणी झाली असती, आणि वाचकाची रडून सुटका झाली असती. टॉल्किन यांनी ती सुटका दिली नाही.

"मेलेला परत आला की फसवणूक झाली."

इथे मी निम्मी सहमत आहे. परत येणं फुकटचं असेल, आलेला माणूस जसाच्या तसा असेल आणि दरम्यान कुणाचं काही बिघडलं नसेल, तर तो मृत्यू नव्हताच. अशा दोन-तीन परतफेऱ्या झाल्या की पुढच्या कुठल्याही मृत्यूवर वाचक विश्वास ठेवत नाही, आणि ते योग्यच आहे.

या वादात फ्रोडोच्या टोळीला वाट दाखवणाऱ्या गॅन्डाल्फ या जादूगाराचं नाव हमखास निघतं. लहानपणी गॅन्डाल्फ कोसळल्याचं वाचून आपण हादरलो होतो, आणि त्याने परत यायला नको होतं, हे दोन्ही मार्टिन यांनी बोलून दाखवलं आहे. त्यांच्याबद्दल पूर्ण आदर ठेवून सांगते, मला हे पटत नाही. मोरियाच्या खाणीत गॅन्डाल्फ पडतो तेव्हा वाट दाखवणारा जातो. अ‍ॅरागॉर्नला पुढे व्हावं लागतं आणि तो चाचपडतो. टोळीतल्याच बोरोमिरचा तोल सुटतो, तो अंगठी हिसकावायला जातो, आणि थोड्याच वेळात दोन छोट्या सोबत्यांना वाचवताना बाणांनी विंधून मरतो. फ्रोडो एकट्याने निघायचं ठरवतो. गॅन्डाल्फ परत येतो तोवर हे सगळं होऊन गेलेलं असतं आणि त्यातलं काहीही उलटं फिरत नाही. मुख्य म्हणजे तो परत आल्याचं फ्रोडो आणि सॅमला कळतच नाही. मॉर्डॉर हा शत्रूचा सबंध मुलूख ते दोघं गॅन्डाल्फ मेला आहे असं धरून चालतात. सगळं संपल्यावर सॅम डोळे उघडतो, समोर गॅन्डाल्फ उभा असतो, आणि "मला वाटलं तुम्ही मेलात" हे त्याच्या तोंडून निघतं. ज्यांच्यासाठी तो मृत्यू कथेत होता, त्यांच्यासाठी तो शेवटपर्यंत खरा राहिला. शिवाय परत आलेल्या गॅन्डाल्फला स्वतःचं नावसुद्धा आठवून घ्यावं लागतं.

आणि मार्टिन यांनी तरी काय केलं? त्यांचा बेरिक डोंडेरियन मरून मरून उठतो, आणि प्रत्येक खेपेला त्याच्या आठवणीतलं काहीतरी गळून गेलेलं असतं. म्हणजे परत आणण्याला त्यांचीही मनाई नाही. त्याची किंमत मोजली जावी, एवढंच.

"खऱ्या आयुष्यात मरण निरर्थक येतं, कथेतही तसंच यावं."

हा मुद्दा मला सगळ्यांत प्रामाणिक वाटतो, कारण युद्ध आणि रोगराई यांबद्दल तो खरा आहे. पण निरर्थक मरण दाखवायलाही लेखकाला निवड करावीच लागते. हॅरी पॉटरच्या २००७ साली आलेल्या शेवटच्या पुस्तकात ल्युपिन आणि टॉन्क्स हे जोडपं लढाईत कुठेतरी मरतात. आपल्याला दिसतात ते त्यांचे शेजारी शेजारी ठेवलेले देह. अगदी युद्धासारखं, कुणी न पाहिलेलं मरण. पण आर्थर विझलीला पाचव्या पुस्तकात मारायचा बेत रोलिंग यांनी सोडला आणि शेवटी या दोघांना निवडलं, हे त्यांनीच सांगितलं आहे. का, ते समजायला वेळ लागत नाही. मागे टेडी नावाचं तान्हं बाळ उरतं. आईबापाविना वाढलेल्या मुलापासून सुरू झालेली गोष्ट तसंच आणखी एक मूल मागे ठेवते. वरून ते मरण वाऱ्यावर आल्यासारखं दिसतं, आत मात्र ते नेमकं ठेवलेलं आहे.

याहून मोठं उदाहरण घटोत्कचाचं. चौदाव्या दिवशी सूर्य मावळला तरी युद्ध थांबत नाही. रात्री घटोत्कच कौरवसेनेची दाणादाण उडवतो, आणि कर्णाला एकदाच वापरता येईल अशी इंद्राची शक्ती, जी त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली होती, ती याच्यावर खर्चावी लागते. घटोत्कच पडतो, आणि पडतानाही अंग फुगवून शत्रूची एक अक्षौहिणी चिरडतो. पांडव रडत असतात. कृष्ण आनंदाने नाचतो, कारण अर्जुनावरचं संकट टळलं. युधिष्ठिराला मात्र वनवासात थकलेल्या द्रौपदीला पाठीवर घेऊन चालणारा घटोत्कच आठवतो. एकाच प्रेताकडे दोघं पाहताहेत, एकाला हिशोब दिसतोय आणि दुसऱ्याला पाठ. या मरणाला अर्थ आहे की नाही, याचं उत्तर कथा देत नाही. ती दोघांनाही तिथेच उभं ठेवते.

नवीन लिहिणाऱ्यांची हस्तलिखितं माझ्याकडे वाचायला येतात. मागे एकात सेनापती मरत होता. वर्णन चांगलं चार पानं: बाण, चिखल, शेवटचे शब्द. पुढच्या प्रकरणात फौज कूच करते आणि त्याचं नाव कुणीही काढत नाही. मी लेखकाला एवढंच विचारलं, त्याचा घोडा आता कुणाकडे आहे? तो गप्प झाला. तीन आठवड्यांनी नवा खर्डा आला. चार पानांच्या सात ओळी झाल्या होत्या. पुढे एक नवा प्रसंग होता. मोतद्दार तो घोडा ओढत छावणीत आणतो. घोडा कुणाला जवळ येऊ देत नाही. रसदीचा कारकून वही उघडून विचारतो, याची चंदी आता कुणाच्या नावे लिहायची? उद्यापासून ज्याला फौज चालवायची आहे तो पोरगा बराच वेळ काही बोलत नाही, आणि मग आपलं नाव सांगतो.