उंदरांच्या नावावर खपवलेला सल्ला

रविवारी मावसबहीण सांगलीला माझ्याकडं आली. पर्समधून रुमाल काढताना डॉक्सीसायक्लिन या अँटिबायोटिकची पट्टी खाली पडली. १४ पैकी ८ कॅप्सूल तशाच. क्लॅमिडियाचा, म्हणजे शरीरसंबंधातून पसरणाऱ्या एका जंतूचा, रिपोर्ट आल्यावर डॉक्टरांनी दिवसाला दोन, असा सात दिवसांचा कोर्स दिलेला. बाईसाहेबांनी तिसऱ्या दिवशीच बंद केला. "अगं, शरीराला लढू द्यायचं असतं म्हणं," म्हणत मोबाइल पुढं केला. (तिला विचारूनच लिहितेय.)

फॉरवर्ड असा: १९९९ साली अमेरिकेत उंदरांवर सिद्ध झालंय की अँटिबायोटिकनं प्रतिकारशक्ती मरते. औषधाविना उंदीर चार आठवड्यांत आपोआप बरे होतात, पुन्हा आजारी पडत नाहीत. म्हणून गुप्तरोग कुठलाही असो, गोळ्या थांबवा.

चडफडत मान्य करते, असा प्रयोग आहे. १९९९, जर्नल ऑफ इन्फेक्शस डिसीजेस. उंदरांच्या ज्या माद्यांना क्लॅमिडियाच्या संसर्गानंतर लवकर डॉक्सीसायक्लिन दिलं, त्यांच्यात प्रतिकारशक्ती नीट तयार झाली नाही. पुन्हा जंतू सोडल्यावर त्यांना संसर्ग सहज झाला. लिहिणाऱ्या महाशयांनी वाचन इथंच थांबवलं. त्याच प्रयोगात त्याच औषधानं जंतू गेले आणि जननमार्गाच्या वरच्या भागातला दाह टळला. औषध न देता सोडलेल्या उंदरांत काय होतं? बीजवाहक नळ्या पाण्यानं भरून फुगतात. पोट उघडलं की नुसत्या डोळ्यांना फुगा दिसतो. जंतू गेलेला, पण पिल्लांची वाट बंद. याला 'आपोआप बरं होणं' म्हणायचं? आणि हे कुणाला सांगताय? दोन वर्षं मूल व्हावं म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या माझ्या बहिणीला!

चार आठवड्यांचा हिशोबही उंदराचाच. त्यांना बहुतेकदा क्लॅमिडिया म्युरिडारम देतात, तो उंदरांचा जंतू. माणसाला होतो तो क्लॅमिडिया ट्रॅकोमॅटिस. आपल्यात उपचाराविना तो वर्षभरही ठाण मांडतो, तेही गुपचूप. शिवाय उंदीर काही आपसूक आजारी पडत नाहीत. सरकारी दवाखान्यात 'अंतरा' म्हणून जे गर्भनिरोधक इंजेक्शन मिळतं, तेच हार्मोन मादीला आधी टोचून तिचं ऋतुचक्र थांबवतात, मग पिपेटनं जंतू सोडतात.

'पुन्हा होत नाही'? माणसात सर्रास होतो, म्हणून तर तीन महिन्यांनी परत तपासायला सांगतात. 'कुठलाही गुप्तरोग' तर निव्वळ थाप. गोनोरिया या दुसऱ्या गुप्तरोगाचा जंतू फक्त माणसाचा. उंदरात थोडे दिवस टिकावा म्हणून इस्ट्रोजेन द्यावं लागतं. आणि माणसाला तो कितीदाही होतो.

उंदरांकडून कळलं ते वेगळंच: क्लॅमिडियाचा जंतू हटवायला सीडी४ टी पेशी, म्हणजे प्रतिकारशक्तीच्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी, लागतात. बीजवाहक नळ्या न बिघडवता या पेशी तयार करायच्या, तर लस हवी. तशी एक लस उंदरांवरून माणसांपर्यंत आलीय. ३५ बायकांवरच्या पहिल्या चाचणीचे निकाल २०१९ मध्ये छापून आले. बाजारात अजून काही नाही, तोवर कॅप्सूलच.

सोमवारी तिला मिरजेला डॉक्टरांकडं नेलं. नवीन कोर्स, आणि या वेळी नवऱ्यालाही. फॉरवर्ड पाठवणाऱ्या काकूंचा रात्री मेसेज आला, "गोळ्या बंद केल्यास ना गं?" उत्तर मी टाइप केलं.