‘आंबट, तुरट आणि तळाशी काच’: वायनरीच्या मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुम्ही दोन तारे दिलेत आणि कारणंही सांगितलीत: आमची डोंगरावरची रेड वाइन आंबट लागली, तुरटपणाने जीभ टाळ्याला चिकटली, ग्लासच्या तळाशी काचेसारखे कण निघाले. वर आमच्या माणसाने ‘उंचावरची वाइन अशीच असते’ म्हणून विषय संपवला.

त्या उत्तराबद्दल आधी माफी मागतो. ते अर्धंच खरं होतं.

आंबटपणा डोंगराचाच. हजार मीटर वर चढलं की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. रात्री गारठ्याच्या, त्यामुळे द्राक्षातलं मॅलिक आम्ल टिकून राहतं आणि घड सावकाश पिकतात. शिवाय उंचावर अतिनील किरणं जास्त. त्यांना तोंड देताना साल जाड होते, आणि रंग काय, टॅनिन (तुरटपणा आणणारं द्रव्य) काय, बरंचसं सालीतूनच येतं. थोडा तुरटपणा आम्हाला हवाच असतो. तो नको असता तर बाग पायथ्याशीच लावली असती, चढ तरी वाचला असता.

पण तुम्हाला लागला तेवढा नव्हे. त्या दिवशीची नोंद काढून पाहिली. बाटली तळघरातून ११ अंशांवर वर आली आणि आल्या आल्या ओतली गेली. ही वाइन १६ ते १८ अंशांवर द्यायची. फार गार असली की वास मिटून बसतो, फळाची चव दबते आणि आंबट-तुरट तेवढं जिभेवर येतं. वाइनला हवा लागावी म्हणून ती आधी ज्यात ओततात, तो डिकँटरही कोणी काढला नाही. यात डोंगराचा काही दोष नाही, आमचाच आहे.

कण मात्र काचेचे नव्हते. टार्टारिक आम्ल आणि पोटॅशियम मिळून झालेले ते स्फटिक. गारव्यात तळाशी बसतात, रेडमध्ये जांभळट दिसतात. गरम पाण्यात ढवळले तर विरघळतात, काच विरघळणार नाही. पोटात गेले तरी अपाय नाही. तरीही बाटलीतला शेवटचा गाळ पाहुण्याच्या ग्लासात पडायला नको होता. (तो घोट मी स्वतःसाठी ठेवतो, पण ती माझी खोड.)

आता बाटली तासभर आधी वर आणतो आणि थर्मामीटर लावल्याशिवाय बूच काढत नाही. पुन्हा आलात तर एकाच बाटलीचे दोन ग्लास समोर ठेवीन, एक ११ अंशांवरचा, एक १७ वरचा. दुसरा चाखूनही मत बदललं नाही, तर तारे दोनच राहू द्या.